डॅशबोर्डवरचा खंडोबा

"हॉल्टिंगचे पैसे मिळणार नाहीत. परवडत नसेल तर चावी ठेव," शेठ म्हणाले. सुदामने ट्रकची चावी टेबलावर ठेवली आणि समोरच्या टपरीवर जाऊन निवांत चहा मागवला.

माल उतरेपर्यंत मार्केट यार्डाच्या गेटवर दोन-दोन दिवस ताटकळायचं, तेही फुकट, हे त्याला आता मान्य नव्हतं.

दुपारपर्यंत शेठनी तीन ड्रायव्हर आणले. प्रत्येक जण केबिनमध्ये चढला आणि डॅशबोर्डवरचा खंडोबाचा फोटो बघून खाली उतरला. "नोकरी सोडणारा आपला देव घेऊन जातो. ही गाडी अजून सुदामचीच आहे," तिसरा म्हणाला.

शेवटी शेठ स्वतः चावी घेऊन टपरीवर आले. "हॉल्टिंग देतो. पण देव न्यायला विसरलास कसा?"

"विसरलो नाही, शेठ," सुदाम म्हणाला आणि त्यांच्यासाठीही चहा सांगितला.