आवाजाचं बटण

कीबोर्ड जोडला की रिमोट तुटत होता आणि रिमोट जोडला की कीबोर्ड. टीव्हीमागच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये नखाएवढा रिसीव्हर खुपसायचा, काढायचा, पुन्हा खुपसायचा, असं करत ती तासभर जमिनीवर बसून होती. सेल दोनदा बदलून झाले. रिमोटवरचं आवाज वाढवायचं बटण चालत होतं, कमी करायचं चालत नव्हतं. तपासायला म्हणून लावलेला चित्रपट आता सगळ्या खोलीवर ओरडत होता.

"दोन मिनिटांचं काम आहे गं ताई," कॉम्प्युटर पाठवून देणारा भाऊ फोनवर म्हणाला. "खोक्यावर लिहिलंय सगळं."

"मग खोक्यालाच सांग करायला." तिने फोन ठेवला.

पलंगावर वडील उशीला टेकून बसले होते. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात लुळा होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. डाव्या हाताने काढलेल्या रेघोट्या कुणाला वाचता येत नव्हत्या. "मोठ्या पडद्यावर टाइप करता येतं का बघा," बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. "आत शब्द शाबूत आहेत की नाहीत, ते तरी कळेल." उद्या सकाळी त्या येणार होत्या.

तिने रिमोटचा नाद सोडला. चित्रपट मागे ओरडतच होता; त्यावर तिने कोरं पान उघडलं आणि कीबोर्ड वडिलांच्या मांडीवर ठेवला. "बाबा, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा. आम्ही फोनवर लिहितो तसं. आधी तुमचं नाव."

त्यांनी खाली न बघताच डाव्या हाताची बोटं चालवली. पडद्यावर अक्षरं उमटली. व्ही, के, ओ, के, टी. मग आणखी काही.

"असं नाही, बाबा. कळा बघून. एकेक." तिने ओळ पुसली.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तसंच काहीतरी बडवलं. तिने पुसलं. पुन्हा बडवलं. पुन्हा पुसलं.

आई ओले हात पुसत दारात आली. "काय म्हणतायत हे?"

"काही नाही. कीबोर्डच धड नाही." दुसरं जे मनात आलं होतं, ते आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

वडिलांनी कीबोर्डवर सणसणीत थापड मारली. एक कळ उडून चादरीत गेली. ती शोधून तिने जागेवर बसवली, तोवर ते पुन्हा टाइप करून मोकळे झाले होते. पुसायला बोट पुढे केलं आणि ती थांबली. व्ही, के, ओ, के, टी. तिने कॉम्प्युटरला आधी पुसलेल्या ओळी एकेक करून परत आणायला लावल्या. प्रत्येक ओळ तीच होती. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

ती प्रयोगशाळेत काम करायची. भरकटलेलं यंत्र चार वेळा एकच आकडा दाखवत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आई, ऑफिसात बाबा टाइप करताना कळांकडे बघायचे?"

"कळांकडे? तीस वर्षं मराठी टायपिंग केलंय त्यांनी! साहेबांशी गप्पा हाणत पत्र पुरं करायचे. खाली बघणाऱ्याला म्हणायचे, काय रे, काही पडलं का तुझं?"

तिने सेटिंग उघडली. भाषांच्या लांबलचक यादीत मराठी सापडली, आणि मराठीखाली, अगदी तळाशी, जुन्या मराठी टाइपरायटरवरची अक्षरांची मांडणी. तिथवर कधी जायची वेळच आली नव्हती. तिने ती निवडली. पान कोरं केलं.

"बाबा, आणखी एकदाच. मघाचंच."

नव्या कारकुनाने तिसऱ्यांदा तीच चूक केल्यावर बघावं, तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग बोटं चालू लागली.

आईने चष्मा लावला. पडद्याजवळ गेली. ओळ आधी मनात वाचली, मग मोठ्याने, चित्रपटाच्या गोंगाटात तिचं तिलाच ऐकू येईना म्हणून आणखी मोठ्याने.

"आवाज कमी कर!"

तोवर वडील दुसऱ्या ओळीवर गेले होते.