चाळणीतली दाढ

डुकराची दाढ. मगरीचा मणका. हरणाचं शिंग. भाजलेला बोकड. पहिली तीन एकेनोला सापडली. बोकड मेहुण्याच्या, लोकालेच्या नावानं कापला. तुर्काना सरोवरावरच्या, जीवाश्म शोधायच्या छावणीत नवा आदिमानव शोधणाऱ्यालाच हा मान, आणि लोकालेला जबडा मिळाला होता. आता सगळे तिथलीच माती चाळत होते. “जबडा दगडात रुतलाय, दात दिसत नाहीत,” संशोधक बाई म्हणाल्या. “त्यातून निखळलेली एक दाढ मिळाली तर तो गवत खायचा की फळं, ते कळेल. मग लोकाले, जगभर तुझं नाव!” लोकाले हसला. “दाजी, तुम्ही आपली डुकरंच वेचा!” एकेनोची बायको तर कालपासून भावाचंच गाणं गात होती. तेवढ्यात एकेनोच्या चाळणीत दाढ उरली. माणसासारखी. चाळणी धुवायच्या निमित्तानं पाण्यात शिरून त्यानं दाढ लांब भिरकावली. पुढे नैरोबीच्या प्रयोगशाळेत दगड फोडल्यावर निघालेल्या जबड्यात वर-खाली एकही दात कमी नव्हता.