ठोके

‘भरती करताना बाळाचे ठोके ऐकू आले?’ मृतजन्मांच्या रजिस्टरातल्या या रकान्यापाशी नर्स विनार्नीचं पेन अडलं. “‘नाही’ लिही,” डॉक्टर म्हणाले. “मूल घरीच दगावलं म्हणायचं, मग दवाखान्याच्या आकड्यात धरत नाहीत. यंदा जकार्ताला शून्य कळवायचंय.” इतक्यात बाळाचा बाप पार्जो दारात आला, बाळाची वार पुरायचं मडकं छातीशी धरून. “ताई, आई बायकोला बोलतेय, भातलावणीला गेलीस, पोटातच मारलंस, मेलेलंच घेऊन आलीस. पण सकाळी भरती करताना तुम्ही तिच्या पोटावरची लाकडी नळी माझ्या कानाला लावलीत ना? घोडा दौडत होता आत. की मला भास झाला?” विनार्नीनं टेबलावरची नळी उचलली. दुपारभर दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकल्यामुळे ती पुन्हा पार्जोच्या बायकोच्या पोटाला लावायची राहून गेली होती. “भास नव्हता,” ती म्हणाली आणि रकान्यात ‘हो’ लिहिलं. “आईला बोलवा. हे मी वाचून दाखवते.”