आधी हातावर ओढून बघा

हार्लिंगनच्या बाजारात मी कुत्र्यांचे ब्रश विकतो. कुरळ्या केसांत गुंता होऊ नये म्हणून तारांचा ब्रश लागतो, पण घेण्याआधी तो स्वतःच्या हातावर ओढून बघायचा, असा माझा दंडकच आहे. आपल्याला टोचला तर कुत्र्यालाही टोचणार.

"बघ की रे ओढून, विब्रेन!" ब्रश घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी म्हटलं.

"माझं कातडं म्हशीचं, म्हाताऱ्या! हिच्यावर बघ," म्हणत त्यानं बायकोचा, येल्त्येचा, हात खस्सकन पुढं ओढला. तिची बाही कोपरापर्यंत सरकली. हातभर बारीक तारांचे ओरखडे, ओळीनं. काही तर अजून ओले.

माझ्या हातातला ब्रश हातातच राहिला. ब्रशकडं बघत येल्त्ये हळूच म्हणाली,



"हा नको, काका. हा आहे आमच्या घरी."