गुडघ्याची पट्टी

"नव्या टायरला पकड नाही, नवं इलेक्ट्रॉनिक्स सातव्या वळणावर इंजिनाचा गळा दाबतं!" शर्यतीच्या मोटारसायकलवर चाचणीच्या वीस फेऱ्या मारून दादा हेल्मेट आपटून बाहेर गेला. संघप्रमुख माझ्याकडे, त्यांच्या डेटा इंजिनिअरकडे वळले. "भावावर पांघरूण घालू नकोस. टायर नापास की स्वार? त्याचा यंदाचा करार त्यावरच आहे." संगणकावरच्या आलेखात चाक घसरलं नव्हतं, इलेक्ट्रॉनिक्सने ढवळाढवळ केली नव्हती. गेल्या हंगामात जिथे पडला, त्याच सातव्या वळणाआधी दादा स्वतःच अ‍ॅक्सिलरेटर सोडत होता. आधी त्यालाच सांगायला मी गॅरेजमागे गेले. मोटारसायकल झुकली की गुडघा रस्त्याला घासतो, म्हणून तिथे प्लास्टिकची पट्टी लावतात. सातवं हे ट्रॅकवरचं एकमेव डावं वळण; दादाच्या डाव्या गुडघ्याची पट्टी कोरीच राहिली होती. पायरीवर बसून तो ती काँक्रीटवर घासत होता. "तू शिकलेली आहेस, एवढं पुरे का गं?" मी गरम पट्टी खिशात घातली. आत जाऊन म्हणाले, "टायर पास."