कपाटावरचं खोकं

लेक नोकरीच्या गावी, आणि तिच्या कामाची डिस्क मात्र बाबांच्या कपाटावरच्या खोक्यात. रोज सकाळी ती आपल्या कॉम्प्युटरवर कमांड देऊन ती डिस्क नेटवर्कवरून जोडायची, की खोक्यावर हिरवा दिवा लागायचा; संध्याकाळी दुसऱ्या कमांडने सोडवायची, की तो विझायचा. बाबांना एकच ताकीद होती, "प्लगला हात लावायचा नाही."

शेवटी तिने सगळं नव्या डिस्कवर हलवलं. "बाबा, सुटलात! जुनी डिस्क पुसून कोरी केलीय. आता खुशाल बंद करा ते खोकं."

"बरं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहाला त्यांचा फोन. "बरी आहेस ना गं? खोक्यावरचा हिरवा दिवा लागला नाही आज."

"बाबा! बंद करा म्हटलं होतं ना?"

"करतो गं उद्या. पण तो लागला की तू कामाला बसलीस असं समजून मी चहा टाकतो."

तिने कपाळावर हात मारला आणि कमांड दिली.

"लागला बघ!"

"मग टाका चहा."

त्याला वर्ष झालं. डिस्कवर अजून एक अक्षर नाही. पण संध्याकाळी ती सोडवायला विसरली, तर हमखास फोन येतो, "अजून कामातच? मी जेवायचा थांबलोय."