कपिलीची घाटी

घाटी वाजली आणि सकिनाबीच्या हातातली फुंकणी गळून पडली. कपिली गाईच्या गळ्यातली घाटी! शंभर गुरांतून तिनं ती ओळखली असती. पाठोपाठ बैलांची घुंगरं वाजली, मग म्हशीची जाड आवाजाची घाटी. चारही आली म्हणायची.

दुष्काळानं गोठा केव्हाच रिकामा केला होता. गुरं परंड्याच्या चारा छावणीत नेऊन बांधली होती. नवरा, नबीलाल, दर बाजाराच्या दिवशी तिकडं जाऊन येई आणि "बरी हायत" एवढंच सांगे. "मलाबी न्या की," म्हटलं की तो ऊन सांगे, एसटीची गर्दी सांगे.

सकिनाबीचे डोळे चुलीनं खाल्ले होते. समोरचं माणूस म्हणजे तिला नुसती सावली. धूर बंद झाला नाही तर आहे तेवढंही दिसायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून नबीलालनं गोबरगॅससाठी अर्ज केला. सरकार अनुदान देत होतं. अट एकच, दावणीला चार मोठी जनावरं हवीत, आणि ती साहेबांना प्रत्यक्ष दिसली पाहिजेत. छावणीतली चालायची नाहीत. सरकारचंही खोटं नव्हतं म्हणा, गॅस काही भाषणांवर पेटत नाही, त्याला शेणच लागतं. "एका दिसापुरती सोडवून आणतो," असं सांगून नबीलाल सकाळी गेला होता.

भाकरीचा तुकडा घेऊन ती गोठ्यात धावली. तपासणीचे साहेबही येऊन ठेपले होते. तिनं कपिलीच्या तोंडापुढं तुकडा धरला. गाय बिचकून मागं सरली.

"रुसलीस व्हय गं?" ती हसली. चाचपडत तिनं गळा धरला, घाटी धरली, मग शिंग. कपिलीचं उजवं शिंग कानाकडं वळलेलं होतं. हे सरळ होतं. तिनं डावं चाचपलं. तेही सरळच. शेजारच्या बैलाच्या वशिंडावर हात फिरवला. तोही परका.

हात पुन्हा घाटीवर आला. घाटी मात्र कपिलीचीच होती, कडेचा टवका तिच्या बोटांना पाठ होता. जनावर जितं असताना त्याच्या गळ्यातली घाटी त्यांच्या घरात कुणी काढत नसे. तिनं घाटी सोडली.

"काय हो बाई," साहेबांनी विचारलं, "गाय तुम्हालाच बुजते? जनावरं तुमचीच आहेत ना?"

नबीलालचा अडकलेला श्वास तिला ऐकू येत होता. त्याचं तोंड कसं झालं असेल हे कळायला तिला डोळे लागत नव्हते. त्याचा राग आला, कीव आली, आणि गळा काढून रडावंसं वाटलं. पण साहेब थांबले होते.

"आमचीच हायत, सायेब," ती म्हणाली. "लई दिसांनी भेटली. इसरली मला."

साहेबांनी कागदावर सही केली. "झालं तुमचं काम. दिवाळीनंतर टाकी बसेल. ह्या चारही जनावरांचं शेण रोज घालत जा, की धूर गेलाच समजा."

जीप गेली. ज्यांच्याकडं अजून कडबा शिल्लक होता त्या सिद्रामप्पांचा गडी आला आणि मुकाट्यानं दावी सोडू लागला. नबीलाल गाईजवळ वाकला. वाजू नये म्हणून घाटी मुठीत गच्च धरून तो तिची गाठ सोडू लागला.

"काढा, निवांत काढा," सकिनाबी म्हणाली. "पर कपिलीच्या गळ्यातली कवा काढली, तेवढं सांगा आता."